घाम : उन्हातून अंगावर आलेला शब्द

पौषातल्या सकाळी जबलपूरच्या गल्लीबोळांत एक दृश्य नेहमीचे असते. रात्रभर गारठलेल्या अंगणात सूर्याचा पहिला कवडसा उतरतो आणि शेजारची वयोवृद्ध आजी तेथे खाट ओढून बसते. पलीकडच्या मराठी घरातील नव्या सुनेला ती मायेने हाक मारते, "बहू, तनक घाम में बैठ लो." पुण्या-सांगलीकडून नुकतीच या शहरात आलेली सून गोंधळते. थंडीने बोटे वाकत नाहीत, तेथे घामात कसे बसायचे? काही दिवसांनी तिला उलगडा होतो. आजीचा 'घाम' म्हणजे कोवळे ऊन.

हाच गोंधळ उलट दिशेने मराठी शाळेतील निबंधाच्या वहीत उतरतो. जबलपुरात वाढलेले मराठी मूल 'उन्हाळ्यातील एक दिवस' या विषयावर लिहिताना सहज लिहून जाते, 'दुपारी फार घाम होता, म्हणून आम्ही बाहेर खेळलो नाही.' शिक्षिकेची लाल पेन्सिल 'घाम' या शब्दाखाली रेघ ओढते आणि वर 'ऊन' असे लिहिते. दुरुस्ती योग्यच असते, कारण आजच्या मराठीत घाम म्हणजे ऊन नव्हे. परंतु मुलाने चूक केली म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न त्या रेघेने सुटत नाही. शब्दाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, त्या मुलाने नकळत मराठीच्या पणजीच्या तोंडचा अर्थ उच्चारला आहे.

'घाम' हा शब्द संस्कृत 'घर्म' या शब्दापासून आला. वैदिक भाषेत घर्म म्हणजे ताप, उष्णता. प्रवर्ग्य नावाच्या श्रौत विधीत तापवलेल्या दुधाचे जे अर्पण करीत, त्यालाही 'घर्म' असेच म्हणत. पाली आणि प्राकृत भाषांत त्याचे 'घम्म' झाले आणि पुढे जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. त्याच वाटेने घर्म, घम्म, घाम. काम आणि घाम यांची जोडी मराठी माणसाच्या तोंडी यमकासारखी बसली आहे. दोन्ही शब्द एकाच नियमाने घडले असल्यामुळे हे यमक आपोआप जुळले आहे.

मग उष्णतेचा हा शब्द अंगावरच्या पाण्याला केव्हा लागला? त्याची बीजे संस्कृतातच आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत 'स्वेद' एक आहे. स्वेद कशाकशाने येतो, याची यादीही तेथे आहे. क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख, श्रम, रोग, व्यायाम अशी कारणे देताना 'घर्म' हेही एक कारण दिले आहे. म्हणजे येथे घर्म हे कारण आणि स्वेद हे कार्य. पुढे अमरकोशाच्या नाट्यवर्गात मात्र घर्म, निदाघ आणि स्वेद हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे म्हणून एका ओळीत बसले आहेत. कारणाचे नाव कार्याला मिळाले होते. संस्कृत समासांतही दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. 'घर्मांशु' म्हणजे सूर्य, तर 'घर्मजल' म्हणजे घाम. विज्ञानाच्या मराठी पुस्तकातील 'घर्मग्रंथी' हा शब्द दुसऱ्या अर्थाचा वारस आहे, तर जबलपूरच्या आजीचा 'घाम' पहिल्या अर्थाचा.

संस्कृताच्या लेकींनी ही मिळकत वाटून घेतली. मराठी, कोकणी, बंगाली आणि असमिया यांच्या वाट्याला घाम हा अंगावरचा आला. नेपाळी, छत्तीसगढी, बुंदेली आणि अवधी यांच्या वाट्याला तो सूर्याचा आला. गुजरातीने अंगावरच्या घामासाठी 'प्रस्वेद' शब्दापासून 'परसेवो' केला, तर हिंदीने 'प्रस्विन्न' शब्दापासून 'पसीना' घडवला. नेपाळी माणूस घामात बसून पसिना पुसतो आणि बंगाली माणूस रोदात बसून घाम पुसतो. दोघांचेही बरोबर आहे.

ही वाटणी हवामानाने केली असेल, असे कोणालाही प्रथम वाटते. बंगाल, आसाम, कोकण हे दमट प्रदेश आहेत. तेथे घाम अंगावरून वाळत नाही, म्हणून उष्णता म्हटली की ओले अंगच डोळ्यांपुढे येते. जबलपूरच्या थोडे उत्तरेकडून कर्कवृत्त जाते. येथील मे महिना, त्यातील लू आणि मेअखेरचा नौतपा ज्याने सोसला आहे, त्याला कोरड्या वाऱ्यात घाम दिसण्यापूर्वीच कसा उडून जातो हे सांगावे लागत नाही. तेव्हा येथे घाम म्हणजे ऊनच राहिले, हा तर्क मोहक आहे. पण तो विदर्भात येऊन अडखळतो. नागपूर आणि चंद्रपूरची उन्हे जबलपूरपेक्षा सौम्य नाहीत, वाराही तसाच कोरडा. तरीही तेथील माणूस घामाला घामच म्हणतो आणि उन्हाला ऊन.

अधिक समाधानकारक उत्तर भाषेच्या घरातच मिळते. मराठीने 'उष्ण' शब्दापासून 'ऊन' हा शब्द तयार केला. तो ताप सांगणारा होता, आणि आजही आपण न्हाणीघरात 'ऊन पाणी' म्हणतो, तेव्हा त्या जुन्या अर्थाची आठवण होते. हा शब्द सूर्यप्रकाशासाठी रूढ झाल्यावर घामाला आकाशात जागा उरली नाही आणि तो अंगावर स्थिरावला. हिंदीत नेमके उलट घडले. तेथे 'पसीना' शरीराच्या बाजूने आणि 'धूप' आकाशाच्या बाजूने बलवान झाले. बिचारा घाम पुस्तकी भाषेतून मागे सरला आणि बोलींच्या अंगणात खाट टाकून बसला. भाषेत शब्द एकटे राहत नाहीत. शेजारी कोण राहायला आले, यावर त्यांचे घर ठरते.

या शब्दाचे गोत मोठे आहे. संस्कृत घर्म, फारसी 'गर्म' आणि ग्रीक 'थर्मॉस' हे एकाच मुळाचे अंकुर आहेत. म्हणून मराठी घरातील 'गरम' चहा ज्या 'थर्मास'मध्ये ओततात, तो थर्मास आणि ओतणाऱ्याच्या कपाळावरचा 'घाम' हे तिघे दूरचे भाऊ ठरतात. तापमापकाचा 'थर्मामीटर' त्यांच्याच घरचा. दुसरे कुळ 'स्विद्' धातूचे. संस्कृत स्वेद, हिंदी पसीना आणि इंग्रजी 'स्वेट' हे त्या कुळातले. त्या 'स्वेट'पासूनच 'स्वेटर' झाला. एकोणिसाव्या शतकात खेळाडू घाम काढण्यासाठी जो जाड लोकरी अंगरखा घालीत, त्याचे ते नाव. जबलपूरच्या मराठी मुलाला या एका वस्त्रात तीन भाषांची गंमत सापडते. स्वेटर विणतात तो हिंदीतल्या 'ऊन'चा, म्हणजे लोकरीचा. तो घालून मूल बसते मराठीतल्या उन्हात. आणि वस्त्राचे नाव मात्र घामावरून.

हे दोन घाम जबलपुरात समोरासमोर आले, त्याला राजकीय इतिहास कारणीभूत आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले. १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतले. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. त्यात मराठी आणि हिंदी बोलणारे जिल्हे एकाच कारभाराखाली आले आणि राजधानी नागपूर ठरली. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून येणारे दोन लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. कचेरी, रेल्वे, शाळा, न्यायालय, कारखाना अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे येत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि उच्च न्यायालयाचे ठिकाण झाले. त्या दिवसापासून येथील मराठी ही शेजारच्या जिल्ह्याची भाषा न राहता घराची आणि शाळेची भाषा झाली.

दोन भाषांमध्ये राहणे म्हणजे दोन्हींत अर्धे राहणे, असा समज आहे. या प्रदेशाने त्याला चोख उत्तर दिले आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात झाला. त्यांनी हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांत स्थान मिळवले. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले. १९२० मध्ये जबलपुरातून निघालेल्या 'कर्मवीर' या पत्रामागे त्यांची प्रेरणा होती. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले. काही काळ ते जबलपुरात शिक्षक आणि पत्रकार होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी झाले. एकाच आईच्या दोन मुलांनी दोन भाषांत घाम गाळला आणि दोन्ही साहित्ये श्रीमंत केली.

'घाम गाळला' हा शब्दप्रयोग येथे सहज आला, आणि शब्दाची खरी श्रीमंती अशाच प्रयोगांत असते. मराठीत घाम कष्टाचा आहे. 'घाम गाळणे' म्हणजे श्रम करणे. 'निढळाच्या घामाची कमाई' म्हणजे प्रामाणिक मिळकत; निढळ म्हणजे कपाळ. घाम साऱ्या अंगाला येतो, पण मराठीने मान दिला तो कपाळावरच्या घामाला, कारण नशीब जेथे लिहिलेले असते असे लोक मानतात, तेथेच माणूस स्वतःची मिळकत लिहितो. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, अशी शिकवण इस्लामी परंपरेत आहे. बायबलच्या पहिल्याच ग्रंथात भाकरीचे नाते घामाशी जोडले आहे. विसाव्या शतकात अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांनी कामगाराच्या घामाला मराठी साहित्यात मानाचे स्थान दिले. १९७९ मध्ये शरद जोशी यांनी स्थापन केलेल्या शेतकरी संघटनेने 'घामाचे दाम' मागितले, तेव्हा कृषी अर्थशास्त्राचा एक अवघड प्रश्न दोन शब्दांत खेड्यापाड्यांत पोहोचला.

मराठीत घाम भीतीचाही आहे. 'घाम फुटणे', 'दरदरून घाम सुटणे' यांत ऊन नसते, श्रम नसतात. परीक्षेच्या दालनात पंखा फिरत असताना प्रश्नपत्रिका उघडली की तळहात घामेजतात. शरीरशास्त्र सांगते की, तळहात, तळपाय आणि कपाळ येथील घाम मनाच्या ताणानेही सुटतो. चरकसंहितेच्या स्वेदाध्यायात अग्नीवाचून घाम आणणारी दहा कारणे दिली आहेत. त्यांत व्यायाम, जड पांघरूण आणि ऊन यांच्याबरोबर भूक, भय, क्रोध आणि युद्धही आहे. आजचा क्रीडावार्ताहर 'प्रतिस्पर्ध्यांना घाम फोडला' असे लिहितो, तेव्हा तो त्या यादीबाहेर जात नाही. 'गणिताच्या पेपरने घामटं काढलं' असे मुले म्हणतात. हा प्रयोग निबंधात शोभणार नाही, पण मैदानावर आणि वर्गाबाहेर त्याचा ठसका औरच असतो.

तिसरा अर्थ मात्र विचार करायला लावणारा आहे. 'घामट' म्हटले की नाक मुरडले जाते. जी भाषा निढळाच्या घामाला वंदन करते, तीच घामट माणसापासून दोन हात दूर बसते. श्रमाची स्तुती व्यासपीठावरून करणे सोपे; श्रमणाऱ्याच्या शेजारी बसमध्ये बसणे तितके सोपे नसते. अलीकडे 'घाम गाळणे' व्यायामशाळेकडेही वळले आहे. पूर्वी घाम गाळून पैसे मिळत, आता पैसे देऊन घाम गाळावा लागतो. शब्दकोशांत असे बदल उशिरा नोंदले जातात. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि दुसरी १८५७ मध्ये निघाली. त्या काळच्या मराठी माणसाला पैसे मोजून घाम काढण्याची कल्पना सांगितली असती, तर तो हसला असता.

हिंदीच्या पदरातही अशीच संपत्ती आहे. 'खून-पसीने की कमाई', 'पसीना छूटना', 'एड़ी-चोटी का पसीना एक करना' हे प्रयोग मराठीच्या अगदी जवळचे. पण एक प्रयोग हिंदीचा खास आहे. 'पसीजना' म्हणजे घामेजणे, आणि त्याचाच दुसरा अर्थ दयेने द्रवणे. दुसऱ्याचे दुःख पाहून दगडाचे मन 'पसीजता है'. मराठीत घामाला ही करुणा लाभली नाही. तेथे मनाला 'पाझर' फुटतो. जबलपूरच्या मुलाला हे दोन्ही प्रयोग कळतात, हा त्याचा लाभ आहे. पुण्याच्या मुलाला तो सहज मिळत नाही.

हानीही आहे, आणि ती लपवून चालणार नाही. जबलपूरच्या मराठी घरांत आज मुलांच्या तोंडी 'मला पसीना आला' हे वाक्य सर्रास ऐकू येते. व्याकरण मराठीचे, क्रियापद मराठीचे, फक्त नाम बदलले. एका नामाने काय बिघडते, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. एका नामाने फारसे बिघडत नाही. पण 'घाम' गेला की त्याच्यामागोमाग 'घामाघूम' जातो, 'घामेजणे' जाते, 'घाम जिरू दे, मग पाणी पी' हे आजीचे वाक्य जाते, आणि 'निढळ' तर कोणाच्या लक्षातही न येता जाते, कारण तो शब्द आता घामाच्याच आधाराने जिवंत आहे. निढळावर टिळा लावला, असे आज कोणी म्हणत नाही. घर सोडताना माणूस एकटा गेला असे वाटते, पण त्याच्याबरोबर त्याची सारी नाती दारातून बाहेर पडतात. शब्दाचेही तसेच आहे.

मराठी माध्यमाच्या शाळेपुढील प्रश्न येथेच स्पष्ट होतो. मुलांनी हिंदी बोलू नये, असे जबलपुरात म्हणणे व्यर्थ आणि अनुचितही आहे. ही भूमी हिंदीची आहे, शेजार तिचा आहे, उपजीविका तिच्यात आहे. इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या पालकांनाही दोष देता येणार नाही. प्रत्येक आई-वडील आपल्या लेकराचे उद्याचे ऊन कसे सुसह्य होईल तेच पाहतात. शाळेने करण्यासारखे काम वेगळे आहे. मुलाजवळ दोन शब्द असतील, तर त्याचा एक शब्द काढून घेऊ नये. दोन्हींचे घर त्याला दाखवावे. 'पसीना' म्हणणाऱ्या मुलाला 'घाम' द्यावा, 'घाम' म्हणजे ऊन समजणाऱ्या मुलाला 'ऊन' द्यावे, आणि दोघांनाही 'घर्म' या एका अंगणाची ओळख करून द्यावी. भाषेचे शिक्षण शुद्धलेखनापासून सुरू होते. मात्र मुलाला त्याच्या बोलण्याची लाज वाटू लागली, तर ते तेथेच संपते.

साठ वर्षे अशी शाळा परप्रांतात उभी राहते, ती इमारतीच्या बळावर नव्हे. कोणी वर्गणी गोळा करीत दारोदार फिरलेले असतात, कोणी भर मे महिन्यात सायकलवरून घरोघरी जाऊन पालकांना 'मुलाला मराठीत घाला' अशी विनवणी केलेली असते, कोणी संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मागे राहणाऱ्या मुलांना पुन्हा शिकवलेले असते. त्यांच्या अंगावरून जबलपूरचे दोन्ही घाम वाहिले, आकाशातला आणि कपाळावरचा. स्मरणिकेत त्या सर्वांची नावे मावत नाहीत. पण निबंधाच्या वह्यांत त्यांची अक्षरे लाल पेन्सिलीत राहिली आहेत, आणि अनेक माजी विद्यार्थ्यांनी त्या वह्या आजही जपून ठेवल्या असतील.

पुढच्या उन्हाळ्यात एखादे मूल पुन्हा लिहील, 'दुपारी फार घाम होता.' लाल पेन्सिल त्या शब्दाखाली रेघ जरूर ओढील आणि वर 'ऊन' असे लिहील. त्या रेघेशेजारी, समासाच्या कोपऱ्यात, आणखी चार शब्द लिहायला फारसा वेळ लागत नाही : 'हे उन्हाचे जुने नाव.'